मावशी आतषबाजीला जाते

आमची मावशी आठ वाजता झोपते. ‘झोपायला जाते’ असं मी म्हणत नाही, कारण जाण्याइतका वेळ तिला मिळतच नाही. असेल तिथे झोपते. सव्वीस वर्षं तिची बेकरी आहे आणि तीनला उठून पीठ मळल्याशिवाय सहाला गरम पाव बाहेर येत नाही. त्यामुळे आठनंतर जगात काय चालतं, याची तिला फक्त ऐकीव माहिती. माझ्या लग्नाच्या जेवणात ती हातात चमचा धरून झोपली होती. फोटो आहे.

ऐकीव माहिती पुरवायचं काम काकांचं, म्हणजे मावशीच्या नवऱ्याचं. काका घड्याळं दुरुस्त करतात. नाटक, गाणी, जादूचे प्रयोग, त्यांना काहीही चालतं. जायचे मात्र एकटेच. मग पहाटे बेकरीतल्या स्टुलावर बसून, मावशी पीठ मळत असताना, तिला सगळं नक्कल करून दाखवायचे. नाटकात खलनायक आला की मावशीचे हात दणादण चालायचे.

यंदा आमच्या बागखात्याच्या मैदानावर आतषबाजी ठरली, तीही गाजलेल्या गाण्यांच्या तालावर. मी तिथे नोकरीला, म्हणून मला तीन पास मिळाले. मावशी म्हणाली, “तुम्ही दोघं जा गं. हे सांगतीलच मला.”

काका एरवी हट्ट करत नाहीत. त्या दिवशी त्यांनी हातातलं भिंग खाली ठेवलं. “नाटक सांगता येतं. आतषबाजी काय सांगू? लाल झालं, मग हिरवं झालं, मग धुडूम?”

मावशीने विचारलं, “किती वाजता आहे?”

“साडेआठ.”

“म्हणजे मध्यरात्रच की हो!”

पण एकदा हो म्हटल्यावर तिने जय्यत तयारी केली. दुपारी मुद्दाम आडवी झाली आणि दोन तास टक्क डोळ्यांनी छताकडे बघत राहिली. संध्याकाळी दोन कप काळी कॉफी प्यायली, मैदानाच्या फाटकाशी तिसरा. “आज मला झोपवून दाखवा कुणीतरी,” असं तिने तिकडच्या पहारेकऱ्यालाही ऐकवलं.

खुर्च्यांवर आधी मी, मग काका, मग मावशी. तिच्या पलीकडे भरघोस मिशांचे एक गृहस्थ दाणे खात बसले होते. दिवे मालवले. ढोल दणाणले आणि पहिला बाण सूंकन वर गेला.

“अगंबाई!” मावशी म्हणाली.

दुसऱ्या बाणाला पुन्हा “अगंबाई”, पण जरा हळू. तिसऱ्याला काहीच आलं नाही. मी वाकून पाहिलं, तर मावशीचं डोकं त्या गृहस्थांच्या खांद्यावर. वर आभाळ फुटत होतं आणि ही बाई मंद घोरत होती.

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. “माफ करा हं. उठवतो हिला.”

“असू द्या हो,” गृहस्थ म्हणाले. “आमच्या घरी नातीला झोपवायला तीन माणसं लागतात. ह्या तर तोफखान्यात झोपल्यात. माझ्याच्याने नाही उठवलं जायचं.”

चार गाणी ते पुतळ्यासारखे बसून राहिले. टाळ्यांची वेळ आली की मोकळ्या हाताने स्वतःच्याच मांडीवर थाप मारायचे. दाणे काका सोलून देत होते.

मग वारा फिरला आणि धुराचा लोट थेट आमच्या अंगावर आला. नेमकं तेव्हाच एक गाणं संपलं होतं आणि मैदान चिडीचूप होतं. मावशी डोळे मिटलेले असतानाच ताडकन उभी राहिली आणि खड्या आवाजात ओरडली, “करपतंय! भट्टी कोण बघतंय? ट्रे काढा आधी!”

पुढच्या रांगेतले दोघे घाबरून उठलेच. मग हसण्याची लाट पार मागच्या फाटकापर्यंत गेली. गृहस्थ खांदा चोळत सगळ्यांत जोरात हसत होते.

मावशीने डोळे उघडले. “अहो, काय झालं?”

“काही नाही. वर बघ,” काका म्हणाले.

शेवटचं गाणं सुरू झालं. बेकरी काढली त्या वर्षी हे गाणं रेडिओवर दिवसभर वाजायचं, तिला शब्द न् शब्द पाठ. आभाळात एक सोनेरी गोळा उमलला, त्यातून दुसरा, त्यातून तिसरा. मावशीने काकांची बाही घट्ट धरली.

“अहो, फुगतंय बघा कसं! आणि बसत नाहीये!” पिठापलीकडची उपमा तिला सुचणार तरी कुठून? मग ती मोकळ्या गळ्याने गायला लागली. बेसूर, पण एकही कडवं न चुकवता. काका आभाळाकडे कमी आणि तिच्याकडेच जास्त बघत होते.

घरी चालत येताना ती अखंड बोलत होती आणि काका जणू काही पाहिलंच नसल्यासारखे “मग? पुढे?” विचारत होते. सकाळी दोघंही साडेसहापर्यंत झोपली. जाग आली ती गिऱ्हाइकांनी दार ठोठावल्यावर. मावशी ओशाळली वगैरे अजिबात नाही. “काल साडेआठनंतर मी बाहेर होते,” असं तिने साडेनऊला पाव निघाल्यावर प्रत्येकाला तो देण्याआधी सांगितलं.

पुढच्या आठवड्यात बेकरीच्या दारावर पाटी लागली: गुरुवारी पाव आठ वाजता मिळेल. लोक आठवडाभर कुरकुरले, मग सवय झाली. बुधवारी संध्याकाळी मावशी आणि काका कुठे ना कुठे जातात. मध्यंतरापर्यंत तरी ती हमखास जागी असते.