तिकडची चव

बंद पडलेल्या हॉटेलच्या काचेवरून एक माणूस पात्याने 'अस्सल कोल्हापुरी' ही अक्षरं खरवडत होता. अक्षरं सहजासहजी निघत नव्हती. रस्त्यापलीकडे उभा राहून मी मजेत बघत होतो.

कोल्हापूरकडे या हॉटेलच्या चार शाखा धो धो चालतात. पाचवी इथे पुण्यात काढली आणि सहा महिन्यांत आटोपली. तिकडच्यासारखाच इथेही वाढपी न विचारता वाटीत रस्सा ओतायचा. पुणेकर वाटीवर हात धरून ओरडायचे, "अहो, विचारून वाढा!" मालकांनी विचारून वाढायला लावलं, तर आम्ही इथले कोल्हापूरकर भडकलो. रस्सा काय विचारून वाढतात?

परगावी गेलेल्या पदार्थाला दोघे मारतात. ज्यांनी तो कधी खाल्लेला नसतो ते, आणि ज्यांनी लहानपणी खाल्लेला असतो ते. दुसरे जास्त निर्दय.

एकदा मालक स्वतः माझ्या टेबलाशी आले. "पावणं, काय कमी पडलं का?"

"तिकडची चव न्हाई," मी म्हणालो.

"मसाला तिकडनंच येतोय. हात बी माझाच हाय."

मला ते पहिल्या घोटालाच कळलं होतं. पण 'तिकडच्यासारखं इथे काही मिळत नाही' एवढ्यावरच मी या शहरात वीस वर्षं मिरवलोय. तेच या गृहस्थाने कोपऱ्यावर आणून ठेवलं, तर मी मिरवायचं कशावर? वाटी चाटूनपुसून संपवली आणि ओळखीच्या प्रत्येकाला सांगितलं, जाऊ नका.

मी रस्ता ओलांडला. पातं पुसत त्या माणसाने विचारलं, "इथलं जेवण चांगलं नव्हतं का हो?"

"तिकडची चव नव्हती."

त्याने मान डोलावली आणि पुढचं अक्षर खरवडायला घेतलं.