उघडं कुलूप अन् कंपनीचा बोर्ड

आमच्या दुकानात मोबाइल कमी अन् खोटं जास्त जमा होते. मोबाइल तरी दुरुस्त होऊन वापस जाते, खोटं इथंच पडून राहते. आता इतकं साचलं की थोडं सांगून मोकळं केल्याशिवाय मले खुर्ची सरकवायले जागा नाही!

मी काही शिकलेला माणूस नाही. चौथीतून मास्तरनं काढलं की मीच निघालो, यावर माझा अन् मास्तरचा शेवटपर्यंत वाद होता. जिंदगी कळमन्याच्या धान्याच्या मार्केटात पोती मोजण्यात गेली. तिथं एकच गोष्ट शिकलो. पोत्याचं तोंड उघडलं की वरचा गहू सोन्यासारखाच दिसते. म्हणून लोखंडाची परखी पोत्याच्या पोटात खुपसायची, तळातला माल हातावर घ्यायचा, अन् मंग बोलायचं. माणसाचं बी तसंच. वरून सगळे नंबर एक!

आता गुडघे गेले, म्हणून पोराच्या दुकानात बसतो. प्रताप नगरात पंकजचं मोबाइलचं दुकान आहे. कव्हर, चार्जर, काच तं सगळेच विकतात. पण आमच्या दुकानावर फोनच्या कंपनीचा बोर्ड आहे. वॉरंटीतला फोन बिघडला तं आमच्याकडं द्यायचा. आम्ही कंपनीच्या सर्व्हिस सेंटरले पाठवतो, दुरुस्त होऊन आला की माणूस घेऊन जाते. लोक तो बोर्ड पाहूनच पायरी चढतात. बोर्ड गेला तं आमच्यात अन् बाजूच्या कव्हरवाल्यात फरक एवढाच, की त्याच्याकडं कूलर आहे.

*

एक दिवस कंपनीचे एरिया मॅनेजर आले. वानखडे साहेब. चहा दिला तं आधी कपात वाकून पाहिलं, मंग प्याले. मले तेव्हाच वाटलं, हा माणूस आपल्याच जातकुळीचा आहे. कोणावरच भरोसा नाही!

म्हणाले, "तुमच्याकडून रूट केलेले फोन येऊन राहिले. सेंटरवाले वैतागले. आता अजून एक आला, तं बोर्ड काढून नेतो."

ते गेल्यावर मी पंकजले विचारलं, "रूट म्हणजे काय बे?"

"बाबा, असं समजा, कंपनीनं तुम्हाले घर विकलं, पण आतल्या एका खोलीले कुलूप लावून चाबी आपल्याजवळच ठेवली. काही लोक ते कुलूप तोडतात, आत जातात, अन् फोनमध्ये पाहिजे तसा फेरफार करतात. त्याले रूट म्हणतात. कंपनीले समजलं की वॉरंटी देत नाही."

"घराचे पैसे पूर्ण घेतले ना?"

"हो."

"मंग खोली कंपनीची कशी?"

"बाबा, मले काय विचारता? मी काय कंपनी आहो?"

मले तेव्हापासून दोघांवर बी संशय आहे. कुलूप लावून घर विकते त्याच्यावर बी, अन् कुलूप तोडून 'मी नाही तोडलं' म्हणते त्याच्यावर बी.

पंकजनं ओळखायची खूण सांगितली. आमच्या कंपनीचा फोन रूट केलेला असला, तं चालू करताना उघड्या कुलपाचं चित्र येते. बस! इंग्रजी वाचता नाही आलं तरी कुलूप वाचता येते. त्या दिवसापासून फोन घ्यायले काउंटरवर मी. पंकज भोळा आहे. त्याच्या मायवर गेला.

*

पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाले पेन. म्हणे, "काका, बँकेचं ॲप उघडत नाही. वॉरंटीत करून द्या."

"फोनले काही केलं काय?"

"मी तसा वाटतो काय तुम्हाले?"

मी फोन बंद केला, चालू केला. कुलूप उघडं!

"हे काय आहे?"

"हे... अपडेटनं आलं असन."

"अपडेट तं सगळ्याइलेच आलं. कुलूप तुमचंच काहून तुटलं?"

"वायरस बी असू शकते ना!"

"वायरस आला, कुलूप तोडलं, अन् काही न नेता निघून गेला? लयच सभ्य वायरस आहे!"

गृहस्थानं इकडंतिकडं पाहिलं. मंग काउंटरवर वाकून हळूच म्हणे, "काका, खरं सांगा, तुम्हाले समजलं कसं?"

म्हटलं, "मले काय विचारता! तुमच्या बँकेले बी समजलं! म्हणूनच तं तिचं ॲप उघडत नाही!"

*

मंग लोक हुशार झाले. फोन चालूच नाही झाला, तं म्हाताऱ्याले कुलूप दिसन कसं? मेलेले फोन येऊ लागले.

एक जण बायकोले घेऊन आला. फोन रुमालात असा गुंडाळला होता, जसा काही घरचा पोपट मेला.

"काय झालं?"

"काही नाही काका. झोपताना चांगला होता, सकाळी उठलाच नाही."

मी फोन नाकाजवळ नेला. हिंगाचा वास! अन् चार्जिंगच्या भोकात मोहरीचा एक दाणा!

"हा वरणात पडला काय?"

"हो... म्हणजे जेवता जेवता पडला."

"आता तं म्हणत होते, झोपेत गेला?"

बायकोले राहवलं नाही. "पडला नाही बाप्पा! यायनंच वरणाच्या भगोण्यात सोडला, अन् वरून झाकण ठेवलं! मोबाइलवर कोणाचा तरी व्हिडिओ पाहिला म्हणे, मेलेल्या फोनचं रूट कोणी तपासत नाही!"

पंकज डोक्याले हात लावून बसला. म्हणे, "भाऊ, रूटच्या मुद्द्यावर मी तुमच्यासाठी कंपनीशी भांडलो बी असतो. खराबी जर फोनचीच असन, तं रूटचं निमित्त सांगून नाही म्हणणं चुकीचं आहे. पण पाणी गेलेला फोन वॉरंटीत बसतच नाही! आता मी काय करू?"

नवऱ्यानं फोन फिरून रुमालात गुंडाळला. बायको पायऱ्या उतरता उतरता म्हणे, "फोनचं जाऊ द्या. तुरीच्या डाळीचं वरण होतं, फेकून द्यावं लागलं!"

*

एकाचं प्रकरण वेगळंच. त्यानं फोन सिमच्या कंपनीच्या शोरूममधून घेतला होता. सिमसोबत फोन, अशी काही स्कीम होती. फोनचा आवाज गेला. आमच्याकडं आणला. कुलूप उघडं. मी म्हटलं, नाही.

तो गेला शोरूमले. तिथली पोरगी गोड बोलली, पाणी बी दिलं. म्हणे, "सर, आम्ही फक्त सिमचं पाहतो. फोनचं फोनच्या कंपनीले विचारा." तो फिरून आमच्याकडं. मी म्हटलं, "कुलूप तोडलं, तं कंपनी नाही म्हणते." तो फिरून तिकडं. पोरगीनं फिरून पाणी दिलं.

शेवटी घामानं ओला होऊन आला अन् खुर्चीत बसला. म्हणे, "काका, सिमवाले म्हणतात फोन आमचा नाही. फोनवाले म्हणतात आता तो आमचा नाही. मंग हा आहे कोणाचा?"

मी म्हटलं, "भाऊ, बिघडला तेव्हापासून तुमचाच आहे. चालू होता तोवर सगळ्याइचा होता!"

*

आता ज्या माणसामुळं खरा वांधा झाला, त्याचं सांगतो.

चाळिशीतला माणूस. फोन घेऊन आला. टच मधामधात अडकते म्हणे. मी चालू केला. कुलूप नाही, काही नाही. साफ. पंकज म्हणे, "बाबा, घ्या, बरोबर आहे."

पण मले खटकलं. फोन वर्षभर वापरलेला, अन् आतमध्ये फोटो नाही, नंबर नाही, मेसेज नाही. मी म्हटलं, "हे पोतं वरून झाडून आणलं आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे आधी रूट केला, अन् आता सीताबर्डीत कोणाकडून तरी कुलूप वापस बसवून आणलं. लोक करतात, मले माहीत आहे."

"अहो, मी काही नाही केलं!"

"वर्षभराचा फोन, अन् आतमध्ये एक बी गुड मॉर्निंग नाही? तुम्हाले काय सोयरेधायरे नाही?"

"कंपनीच्याच माणसानं फोनवर सांगितलं, देण्याआधी सगळं पुसून द्या म्हणून!"

"कंपनीचं नाव घेऊ नका. कंपनीले मी ओळखतो!"

नाही घेतला म्हणजे नाहीच घेतला. माणूस लाल होऊन गेला, अन् त्यानं सरळ कंपनीत तक्रार केली. तिथं तपासलं, तं फोन एकदम कोरा. कधीच रूट नव्हता! माझं अजून बी म्हणणं आहे, की ज्या माणसाले कोणी गुड मॉर्निंग पाठवत नाही, त्याच्यावर संशय घेतला तं चूक काय?

पण वानखडे साहेबाचा फोन आला. "पहिले रूटवाले फोन घेत होते, आता चांगल्या गिऱ्हाइकाले हाकलून राहिले. मी बोर्ड न्यायले येतो."

पंकज त्या दिवशी जेवला नाही. सून म्हणाली, "मामंजी, तुम्ही तपासायले बसले होते की दुकान बंद करायले?" मी माझं ताट उचलून आत निघालो. थांबलो असतो, तं तिनं अजून सांगितलं असतं.

*

साहेब आले ते मे महिन्याच्या भर दुपारी. सोबत एक माणूस, त्याच्या खांद्यावर शिडी अन् खिशात पेचकस. समजायचं ते समजलो.

पंकजनं हात जोडले. "साहेब, एक चान्स द्या. बोर्ड गेला तं दुकान बसन."

मी म्हटलं, "साहेब, फोन घेतला तरी गुन्हा, नाही घेतला तरी गुन्हा. मंग करावं काय आम्ही?"

"नियमानं करा," साहेब म्हणाले, अन् काउंटरवर फाइल उघडून लिहायले बसले. बाहेर शिडीवाला वर चढला. एका बाजूचे पेच काढले, तसा बोर्ड करकर करत तिरपा झाला. पंकजनं तोंड फिरवलं.

तेवढ्यात एक बाई आत आली. डोक्याले दुपट्टा, हातात स्टीलचा डबा. रेखाबाई नाव. कळमेश्वरच्या कारखान्यात पॅकिंगले आहे, सुट्टी काढून बसनं आली होती. "काका, फोन द्यायचा आहे. वॉरंटीत आहे."

सवयीनं विचारलं, "फोनले काही केलं काय?"

"हो. माह्या दिरानं रूट केला."

मी चाटच पडलो! इतकं खरं बोलणारं माणूस आमच्या पायरीवर चढलंच नव्हतं. मले पक्का संशय आला, साहेबानंच ही परीक्षा घ्यायले पाठवली म्हणून. मी साहेबाकडं पाहिलं. साहेबानं मान वर न करता सांगितलं, "रूट केला तं वॉरंटी संपली, ताई."

"काहून?"

"नियम आहे. कंपनीचं आतलं कुलूप तोडलं ना!"

"आतलं कुलूप तोडलं, मान्य. मी दिराले बोलली बी. पण बिघडली बॅटरी ना! कुलूप तोडलं म्हणून घराची भिंत फुगते काय?"

"ताई, सॉफ्टवेअर बदललं की चार्जिंगमध्ये गडबड होऊ शकते."

"होऊ शकते, की झाली?"

"ते तपासावं लागन."

"मंग तपासा ना!"

तिनं डबा उघडला, फोन काढला, अन् साहेबाच्या फाइलवर ठेवून दिला. फोन असा टम्म फुगला होता, जशी कढईतली पुरी! मागचं झाकण उचललेलं, काच वाकलेली.

साहेबानं खुर्ची मागं रेटली. "हा... हा इथं काहून ठेवला?"

"तुम्ही कंपनी ना? घरी कोणी हात लावत नाही, म्हणून डब्यात आणला. बसमध्ये गरम बी लागून राहिला होता."

"अहो ताई, मी फक्त एरिया मॅनेजर आहो!"

"मंग मॅनेज करा!"

तेवढ्यात फोन बोलला. टक्! झाकणाचा एक कोपरा उडाला, अन् गोडसर, औषधासारखा वास सुटला.

साहेब कसे उठले, मले दिसलंच नाही. दिसले ते एकदम रस्त्याच्या पलीकडं, कडुलिंबाच्या मागं! शिडीवाल्यानं साहेबाले पळताना पाहिलं, अन् कारण न विचारता वरूनच उडी मारून पळाला. पंकज बाजूच्या बांधकामावरची रेती घमेल्यात भरून आणायले धावला. दुकानात राहिलो मी, रेखाबाई, अन् मधात तो फोन. माह्या गुडघ्यानं कुठं पळता येते!

मी दारातून ओरडलो, "साहेब! रूट केलेला आहे! घेऊ काय?"

"घ्या!"

"वॉरंटीत?"

"घ्या म्हटलं ना!"

रेखाबाई बी ओरडली, "नवी बॅटरी भेटन ना?"

"नवा फोन देतो बाई, पण पहिले तो झाका!"

पंकज रेती घेऊन आला, पण मी त्याचा हात धरला. म्हटलं, थांब. अन् जोरात विचारलं, "अन् साहेब, बोर्ड?"

"बोर्ड राहू द्या! फोन हटवा!"

मंग मी पंकजचा हात सोडला.

शिडीवाला पेच खिशात घेऊन पळाला, तो वापस आलाच नाही. बोर्ड अजून बी तिरपाच लटकून आहे. शिडी आमच्याकडं आहे.