जाळीबाहेरची धाव

मी रोज फिरायला जाते त्या मैदानावर पोलीस भरतीची चाचणी होती. जाळीबाहेर माझ्या शेजारी एक बाई कडेवर नातू घेऊन उभ्या होत्या. आत त्यांची सून धावत होती. शेवटच्या फेरीत ती मागे पडू लागली, तसा बाईंनी पदर खोचला आणि नातवासकट जाळीच्या कडेनं पळत सुटल्या.

"पळ गं सुरेखा! पोराकडं बघू नकोस, म्होरं बघ!"

सुरेखा हसली आणि तिनं जोर लावला. वेळ तिच्या एकटीची मोजली जात होती, पळत मात्र सगळं घर होतं.

ती वेळेत पोचली. जाळीपाशी येऊन तिनं बाळासाठी हात पुढे केले.

"आधी दम खा," सासूबाई म्हणाल्या, आणि धाप लागून त्यांनाच पुढचं बोलवेना.