जात्याचा वरचा दगड

सकाळीच कांचघर मोहल्ल्यातल्या घराची गच्ची तव्यासारखी तापली होती. अंजनीबाई जुन्या लुगड्यावर मुगाच्या वड्या घालत होत्या. वारा सुटलेला, म्हणून लुगड्याच्या कोपऱ्यावर जात्याचा खालचा दगड ठेवलेला. वरचा दगड बरगी धरणाच्या पाण्यात गेला होता.

त्यांची पहिली मुलगी दीड महिन्याची होऊन गेली. दात न आलेलं लेकरू जाळत नाहीत. नवऱ्यानं, विष्णूनं, तिला परसात पुरलं आणि कोल्ह्यानं उकरू नये म्हणून जात्याचा वरचा दगड वर ठेवला. तेव्हापासून घरचं दळण शेजारणीकडे. मग धरण आलं, गाव उठलं. लोकांनी छपराचे कवेलू, दारांच्या चौकटी, सगळं गाड्यांत भरलं.

"दगड घे ना वं," सासू म्हणाली.

"लेकरावरचा दगड उचलतात का?"

अक्षयतीजेला पितरांचं पान वाढतात, पण त्यात तान्ह्या लेकराचा वाटा नसतो. म्हणून पाणी उतरलेलं असलं की अक्षयतीजेच्या दुसऱ्या दिवशी अंजनीबाई तिथं जात, दगडाच्या भोकात वाटीभर दूध ओतत. मागची काही वर्षं पाणी हटलंच नाही. यंदा हटलं.

"एवढ्या उन्हात काहून जिद करून राहिली, आई?" मुरलीधर ऑटो पुसता पुसता कुरकुरला. "वहाँ है क्या अब? चिखल."

"तुही बहीण हाय."

"मी तर पाहिली बी नाही."

"तू पाहिली नाही म्हणून ती झालीच नाही का? चाल."

गाव कुठं होतं ते समोरच्या टेकडीवरून कळे. घर कुठं, ते फक्त दगडावरून. भिंती विरघळल्या होत्या, विहीर गाळानं बुजली होती. दोघं भेगाळलेल्या जमिनीवर हिंडहिंड हिंडले. दगड नव्हता.

काठाला फग्गू बर्मन जाळं सोडवत बसला होता. त्याची नाव एका दगडाला बांधलेली, दोरी मधल्या भोकातून. कडेला खुंट्याची खाच, विष्णूच्या हातची, जरा तिरपी.

"भैया, ये पत्थर कहाँ से उठाया?"

"उधर से, अम्मा. घुटने तक पानी था, पाँव में लगा. हमरा भी घर यहीं डूबा है." तो ओशाळला. "आपका है? ले जाओ."

"उधर म्हणजे कुठं? जागा दाखव."

फग्गूनं हात फिरवला. त्या हाताखाली सगळं गाव आलं.

मुरलीधर दोरी सोडायला वाकला. "घेऊन जाऊ, आई."

"राहू दे. आता नुसता दगडच हाय तो. याची नाव वाहून जाईन."

दुधाचा डबा घेऊन त्या पुन्हा गाळावर गेल्या. चार ठिकाणी वाकल्या. ओतवेना. दुसऱ्याच कुणाच्या चुलीवर पडलं तर?

घरी नंदानं, सुनेनं, डबा उघडला. "आई, दूध फाटलं जी."

"हाव."

त्या गच्चीवर गेल्या. वड्या एका अंगानं वाळल्या होत्या. त्यांनी दगड सरकवला आणि एकेक वडी उलटायला घेतली.