काखेतून घेतलेला पट्टा

आमच्या पाड्यातली पहिली ग्रॅज्युएट मी. हे मी कोणी न विचारता सांगते आणि सांगताना मला संकोच वाटत नाही. पण त्याच पदवीच्या तोऱ्यात मी एकदा पोलिसांना एक वाक्य लिहून दिलं आणि ते निस्तरायला दोन वर्षं गेली.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. तलासरीच्या एका शाळेत मी तात्पुरत्या नेमणुकीवर शिकवत होते. घोलवडच्या एका वाडीवाल्या शेठनी शाळेला चिकूची कलमं दिली होती. ती लावायच्या कार्यक्रमाला ते स्वतः आले होते. निघताना म्हणाले, "बेन, तुमचा पाडा माझ्या वाटेवरच. बसा पुढे."

गाडी नवी कोरी होती. "पट्टो बांधी लो," शेठ म्हणाले. मी बांधला. पण तो मानेला घासत होता, पदरावरून छातीवर आडवा येत होता आणि फाटकाशी सगळी शाळा बघत उभी होती. मला कसंसंच झालं. मी तो खांद्यावरून काढून डाव्या काखेखालून घेतला. शेठचं लक्ष रस्त्याकडे होतं.

हायवेवर पुढचा ट्रक ढाब्याकडे एकदम वळला. ना हात दाखवला, ना दिवा. आम्ही त्याच्या मागच्या कोपऱ्यावर आदळलो.

मी स्वतःच्या पायांनी बाहेर आले. कुठे खरचटलंसुद्धा नव्हतं. शेठचा खांदा दुखत होता, एवढंच. गर्दी जमली, हवालदार आले.

"मॅडम, काही लागलंय?"

"नाही."

"बघा हां, लिहितोय तसं."

"द्या, मीच लिहिते."

आमच्याकडची माणसं पोलिसांनी लिहिलेल्या कागदावर काहीही न विचारता अंगठा उठवतात, हे मी लहानपणापासून बघत आले होते. माझा जबाब मीच लिहिणार! हवालदारांनी हसून कागद पुढे केला. "मला कोणतीही दुखापत झालेली नाही." खाली झोकदार सही, त्यापुढे बी.ए.

संध्याकाळी अंघोळीला बसले तर डावा हात वर जाईना. आई पाठ चोळायला आली आणि काखेखालचा वळ बघून थबकली.

"हे काय गं?"

"काही नाही. पट्टा लागला असेल."

"शाळेत पोरांना बोलायला शिकवतेस, आणि स्वतःचं दुखणं सांगता येईना होय?"

तिसऱ्या दिवशी शिंक आली आणि डोळ्यांपुढे अंधारी. डहाणूच्या डॉक्टरांनी एक्सरे काढला. डाव्या बाजूच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. वळाची रुंदी त्यांनी पट्टीने मोजून केसपेपरवर लिहिली. म्हणाले, "पट्टा नसता तर तुम्ही काचेवर गेला असता, तेव्हा त्याला शिव्या देऊ नका. पण तो काखेतून घ्यायचा नसतो. खांद्याच्या हाडावरून घ्यायचा, आणि खालचा भाग कमरेच्या हाडांवर, पोटावर नाही. बरगड्यांना एवढा दाब सोसत नाही."

दीड महिना शाळा बंद, म्हणजे पगारही बंद. आईच्या मजुरीवर घर. डहाणूच्या एका वकिलांकडे गेले, पण भरपाई मागायला मन घेईना. ज्यांनी आपुलकीने गाडीत घेतलं, त्या शेठना कोर्टात कसं ओढायचं?

"शेठना कोण ओढतंय?" वकील म्हणाले. "चूक ट्रकची. दावा ट्रकमालकावर आणि त्याच्या विमा कंपनीवर. मोटार अपघात न्यायाधिकरणात अर्ज करायचा. फिर्यादीची नक्कल, पंचनामा, एक्सरे, बिनपगारी रजेचं शाळेचं पत्र, सगळं जोडा." शेठनी तर आपणहून निरोप धाडला, "मी साक्ष देईन."

मग पोलिसांकडून कागदांच्या नकला आल्या. वकिलांनी माझा जबाब वाचला.

"हा कोणी लिहिला?"

"मी."

"अक्षर छान आहे," ते म्हणाले आणि कपाळाला हात लावून बसले.

तेव्हा आमचा जिल्हा ठाणे, त्यामुळे तारखाही ठाण्याला. विमा कंपनीच्या वकिलांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्ही पदवीधर. वाचता-लिहिता येतं. हे अक्षर तुमचंच?"

"माझंच."

"मग तेव्हा खोटं लिहिलंत की आज खोटं सांगताय? या बरगड्या नंतर घरी कुठे पडून मोडल्या?"

"तेव्हा मला कळलं नव्हतं," मी म्हणाले. खरं तेच होतं, पण माझं मलाच ते लंगडं वाटलं. पैशांचं सोडा, भर कोर्टात मी खोटारडी ठरत होते. शेठनी ट्रक कसा वळला ते नीट सांगितलं. पण माझ्या बरगड्यांचं त्यांना काय माहीत?

पुढच्या तारखेला वकिलांनी आईला उभं केलं. मला धास्ती होती, ती घाबरेल. ती कठड्याला धरून अशी उभी राहिली, जणू कोर्ट रोजच्या वाटेवरचं.

"वळ कधी पाहिला?"

"त्याच सांजेला."

"कसा होता?"

आईने स्वतःच्या डाव्या काखेखाली हात ठेवला आणि तिरका उजव्या कमरेपर्यंत ओढत नेला. "भाऱ्याचा दोर काचतो ना, तसा. पण दोर बारीक असतो. हा तीन बोटं रुंद, दोन्ही कडांना लाल."

न्यायाधीशांनी केसपेपर उलटून डॉक्टरांनी लिहिलेली रुंदी बघितली. समोरचे वकील उठले. "बाई, गाडीचा पट्टा बघून हे पाठ करून आलात ना?"

"मी कुठे बसले मोटारीत? कसा असतो तो, मला काय ठाऊक? तुम्हीच सांगा, केवढा असतो?"

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनी मान खाली घालून लिहायला सुरुवात केली. समोरचे वकील म्हणाले, "दुसरा प्रश्न नाही."

पट्टा चुकीचा बांधला ही माझीच चूक, असंही त्यांनी शेवटी मांडून बघितलं. ते टिकलं नाही. ट्रक न सांगता वळला नसता तर पट्ट्याला काम पडलंच नसतं.

निकाल आमच्या बाजूने लागला. बुडालेला पगार आणि उपचाराचा खर्च मिळाला. हात तोवर फळ्याच्या वरच्या टोकापर्यंत पोचू लागला होता. निकालाची नक्कल घरी आणली, तेव्हा आई चुलीपुढे होती. तिने रक्कम विचारली नाही.

"तू खोटं बोलली नव्हतीस, असं लिहिलंय त्यात?"

"लिहिलंय. जबाब दिला तेव्हा हिला दुखापतीची कल्पना नव्हती, हिचं म्हणणं विश्वासार्ह आहे, असं."

"मग वाच परत."

मी परत वाचलं. नंतर शेजारीण आली म्हणून तिसऱ्यांदा. निकाल इंग्रजीत होता, मराठी मी करत होते. तिसऱ्या वेळी मी तो जरा सजवला, हेही कबूल करते.