सात वाफ्यांची बॅटरी

लाईट मी वाफ्यात मोजतो. शाळेत मी हजेरीपुरताच गेलो. आकडे वाचता येत्यात, अक्षरं जुळवावी लागत्यात, आन् भागाकार आला की मला बाहेर जायचं असायचं, ती सवय अजून गेली न्हाई. पण पाच हॉर्सपॉवरची मोटर अर्धा तास चालली की कांद्याचे सात वाफे भिजत्यात, हे मला झोपेतनं उठवून इचारा.

थोरला भाऊ दवाखान्यातनं घरी आला तो नाकात नळी घिऊनच. दादानं उभा जलम ट्रक चालवला, छातीचं पार भुसकाट झालं व्हतं. हवेतनं ऑक्सिजन काढायचं एक मशीन संगं दिलं. डॉक्टर म्हणले, "हे बंद पडता कामा नये. अर्धा तास कसंतरी निभेल, त्याच्या पुढं नाही."

मी म्हणलं, "साहेब, आमच्याकडं गुरुवारी लाईट जाती. नऊला जाती, एकला येती."

"मग इन्व्हर्टर बघा."

इन्व्हर्टर घरात व्हता, टीव्हीसाठी घेतल्याला. प्रश्न एवढाच, की त्यो दादाला चार तास पुरंल का न्हाई. मी चष्मा लावून बसलो. मशीनच्या बुडाला लिव्हलं व्हतं साडेतीनशे वॅट. बॅटरीवर दीडशे एएच. इन्व्हर्टरवर नऊशे व्हीए. बिलावर युनिट. मोटरीवर एचपी. आमच्या आळीत माणसाला कागदावरचं एक आन् हाका मारायचं एक, अशी दोन नावं असत्यात. ह्या लाईटीला पाच! येकच बाई व्हती का पाच वेगवेगळ्या, तेच मला कळंना.

गेलो आळेफाट्याला, जळाल्याल्या मोटरीत नवी तार भरणाऱ्या मिस्तरीकडं.

"मिस्तरी, दीडशेच्या बॅटरीवर साडेतीनशेचं मशीन चालंल कसं? दीडशातनं साडेतीनशे जात न्हाईत."

"वजा न्हाई करायचं, पावणं. दीडशे गुणिले बारा."

"बारा कुठनं आले?"

"बॅटरी बारा व्होल्टची असती."

म्हंजे सहावं नाव. मी मान हलवली. मला कळलं न्हाई की मी मान हलवतो.

"अठराशे झाले. त्याला साडेतीनशेनं भागा. पाच तास चालंल."

"वा!"

"पण वाटंत लॉस व्हतो. चार धरा."

"आत्ता पाच व्हते की."

"बॅटरी किती जुनी?"

"चार-पाच वर्सं झाली."

"मग तीन धरा."

मी उठूनच उभा राह्यलो. अजून जरा वेळ बसलो असतो तर तेबी गेले असते. जाता जाता म्हणलं, "मिस्तरी, माझ्या डोक्यात काय बसंना. मोटरीच्या हिशोबात सांगा."

मिस्तरी शेतकऱ्याचाच पोरगा. त्यानं पेन कानावर ठिवला. "तुमची पाचची मोटर ना? भरलेली बॅटरी म्हंजे मोटरीचा अर्धा तास."

"म्हंजे सात वाफे!" मी एवढ्या जोरात वरडलो की शेजारच्या ग्यारेजमधला माणूस ट्रकखालनं बाहेर आला.

घरी येऊन दादाला सांगितलं. दादा खाटंवर टेकून बसल्याला. म्हणला, "म्हंजे बॅटरी सात वाफ्यांची. आन् ती मी किती तासात पितो?"

"पाच. न्हायतर चार. न्हायतर तीन."

"येड्या, ह्यातलं खरं कुठलं?"

तिथंच तर घोडं अडलं व्हतं. चार निघाले तर दादा वाचतोय, तीन निघाले तर बारा ते एकच्या मधी काय करायचं?

आता आमच्याकडं इहिरीचं पाणी किती हाय ते इचारायला कुणी मिस्तरीकडं जात न्हाई. मोटर लावायची, घड्याळ बघायचं, इहीर उपसून काढायची. किती तास चालली तेवढं पाणी. सकाळपत्तुर झरे परत भरून काढत्यात. मी म्हणलं, बॅटरीचंबी तसंच करू.

गुरुवारी साडेपाचला उठलो आन् घराचा मेनस्विच पाडला. मशीन बॅटरीवर घुरघुर चाललंय, दादा नळी लावून झोपलाय, मी उशाला घड्याळ घिऊन बसलोय. सहा झाले. सात झाले. आठ झाले, मला लई आनंद झाला. नऊला वीस मिंटं कमी आन् बॅटरी बसली, मशीननं शिट्टी मारली. मी पळत जाऊन मेनस्विच वर केला. मशीन परत चालू.

"तीन तास धा मिंटं!" मी सैपाकघरात जाऊन सांगितलं. "आता एक घंट्याचीच सोय बघायची."

बायको भाकरी थापत व्हती. तिचा हात तसाच राह्यला. "अवो, पण आता नऊला लाईट जाणार."

"जाऊ दे की. तीन तास धा मिंटं चालतंय."

"कुठले तीन तास? ते तुमी आत्ता संपवले न्हवं?"

मी उभा. डोक्यात सगळे वॅट, एएच, व्हीए गोल फिराय लागले. आतनं दादाचा आवाज आला, "इहीर उपसलीस व्हय? हिला झरा कुठाय?"

"लाईटच झरा की," मी म्हणलं.

"आन् ती कवा जाती?"

मी घड्याळ बघितलं. पंधरा मिंटं राह्यली व्हती.

शेजाऱ्याचा पिकअप टोमॅटो भरून उभा व्हता. त्याच्या हातापाया पडलो. दोघांनी मिळून क्रेट खाली उतरवले. दादाला पुढं बसवला, मी मशीन मांडीवर घिऊन चेपून बसलो. शेजाऱ्यानं गाडी चालू केली आन् बरोबर नऊला लाईट गेली. येरवी कवा टायमावर जात न्हाई.

फाट्यावर हमरस्त्याला मोठं हॉटेल हाय, तिथं जनरेटर असतो. येडगावच्या धरणाकडनं आमचा रस्ता म्हंजे पाऊण हाडं मोकळी करणारा. दादाच्या बोटाला दवाखान्यातनं दिलेला, अंगातला ऑक्सिजन दावणारा चिमटा लावल्याला, त्याच्यावर आकडा. ब्याण्णव व्हता. मग एकोणनव्वद. मग शहाऐंशी. दादाचे व्हट निळे व्हाय लागले.

"ह्ये... कशात... मोजत्यात?" दादानं इचारलं.

"शंभरातले म्हणं."

"वाफ्यात... सांग."

त्यो हसत व्हता का धापा टाकत व्हता, मला कळंना. मला कायच कळंना. मी नुसता त्याचा हात धरून बसलो, आन् आकडा चौऱ्याऐंशी झाला.

हॉटेलच्या मागं जनरेटर धडधडत व्हता. तेवढा गोड आवाज मी जल्मात ऐकला न्हाई. मी मशीन गल्ल्याशेजारी नेऊन ठिवलं. मालक उठला. "भाऊ, हे काय? किती लोड हाय ह्याला?"

वॅट आठवंना. व्हीए आठवंना. तोंडातनं निघालं, "तीन तासाला सात वाफे."

मालकानं दादाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "पाचच्या मोटरीवर?"

"पाचच्या."

"हात्तिच्या! लावा की राव." त्यानं सोता फ्रीजची पिन काढली आन् आमची खोसली.

मशीन घुरघुरलं. पंच्याऐंशी. मग बराच वेळ पंच्याऐंशीच. मग अठ्ठ्याऐंशी. एक्क्याण्णव झाले तवा दादानं डोळे उघडले, समोरच्या ड्रायव्हरांकडं बघितलं आन् म्हणला, "एक चा सांगा. ह्याला नको, ह्यो बॅटरी पिऊन आलाय."

एकपत्तुर आमी तिथंच बसलो.

घरी आल्यावर दादानं पैली गोष्ट काय केली? दाराला लावायचा राह्यलेला ऑइल पेंट मागवला आन् बॅटरीवर लिव्हलं: उपसू नये. मला अक्षरं जुळवाय येळ लागतो म्हणून बायको दर गुरुवारी सकाळी मला ते मोठ्यानं वाचून दावती.