इनासच्या ट्रकचे साईडचे दिवे

चहा निवतोय तोवर सांगून टाकतो. माझ्या हातून झालेली ही गोष्ट वसईजवळच्या आमच्या पापडी गावाच्या आसपास सगळ्यांना ठाऊक आहे. पण प्रत्येक जण ती आपल्या परीने सांगतो, आणि बहुतेक जण माझं कौतुक करून सांगतात. तेच जास्त लागतं मनाला. म्हणून खरी काय ती माझ्याच तोंडून ऐका.

इनास माझा शेजारी. तो ख्रिस्ती, मी हिंदू, दोघांच्या वाड्यांच्या मध्ये जास्वंदीचं कुंपण, आणि पाण्याला विहीर एकच. केळी आणि भाजी मुंबईला न्यायला त्याच्याकडे एक ट्रक होता. ट्रकवर त्याचा फार जीव. मार्थावहिनी म्हणायच्या, "गाडीला रोज आंघोळ, सोताला रविवारी."

आमच्याकडचे रस्ते तुम्ही पाहिलेत. दोन्ही अंगाला कुंपणं, मधून एक बैलगाडी जाईल एवढी वाट, आणि त्यात हा ट्रक. वळताना पुढचा सिग्नल पुढच्याला दिसतो, मागचा मागच्याला. जो बाजूने चाललाय त्याने काय बघायचं? एकदा इनास असाच वळला आणि बाजूने चाललेला दूधवाला सायकलीसकट कुंपणात गेला. त्याला लागलं काही नाही, दूध तेवढं सांडलं. इनास मात्र हादरला.

मला म्हणाला, "दामू, हौद्याच्या बाजूला हे बारके दिवे हायेत ना, रात्री लागतात ते? वळताना सिग्नलबरोबर तेपन लुकलुकले पायजेत. म्हनजे बाजूच्याला कळेल. तू करून दे."

मी शाळेत गेलेलो नाही. पण विहिरीवरचे पंप, सणाला चर्चवरची रोषणाई, गणपतीचा मांडव, ही कामं आमच्या भागात मीच करत आलो. वायरीला वायर जोडली की दिवा लागतो, एवढं मला येत होतं. तेवढंच येत होतं, हे नंतर कळलं.

काम सोपं वाटलं. सिग्नलची वायर घ्यायची आणि बाजूच्या दिव्यांच्या वायरीला नेऊन जोडायची. डावीची डावीकडे, उजवीची उजवीकडे. मी सावकाश माणूस. वायर सोलायची, पिळायची, टेप गुंडाळायची, पुन्हा ओढून बघायची. इनास फणसाखाली बाजेवर पडून बघत होता.

"दामू, तुझं होईल तोवर सरकार रस्ता रुंद करील."

"हे घाईचं काम नाही, इनास."

"तुझं कुठलंच नाय."

असं म्हणता म्हणता त्याचा डोळा लागला, आणि तपासायच्या वेळी मी एकटाच राहिलो. आता नीट ऐका, कारण सगळा घोळ इथेच आहे. मी केबिनमध्ये चढलो, डावा सिग्नल दिला, खाली उतरलो, आणि डाव्या बाजूने पार मागपर्यंत चालत गेलो. सगळे दिवे लुकलुकत होते. परत आलो, चढलो, उजवा सिग्नल दिला, उतरलो, उजव्या बाजूने चालत गेलो. तिकडचेही सगळे लुकलुकत होते. आता मला सांगा, याहून नीट कोणी तपासलं असतं? डावा सिग्नल चालू असताना उजवीकडे काय चाललंय, हे बघायला मी कशाला जाईन?

इनासच्या ट्रकचे रात्रीचे ते दिवे आतून सगळे एकाच वायरीवर आहेत. डावीकडून सोडलेला करंट त्या वायरीने गाडीभर फिरतो आणि उजवीकडेही जातो. हे मला आज ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी इनासच्या छातीत कळ आली. ट्रक फणसाखालीच उभा राहिला. आणि काही दिवसांनी इनास गेला. चांगला माणूस होता. विहिरीवर अजूनही कधी कधी वाटतं, पलीकडून हाक येईल.

मार्थावहिनी रडत नव्हत्या. मला बाजूला बोलावून म्हणाल्या, "दामूभावजी, ते नेहमी सांगायचे, मला चर्चच्या हातगाडीवरून नेऊ नका, माझ्या ट्रकवरून न्या. तेवढं एक नीट झालं पायजे. दुसरं काय मागत नाय मी."

मी म्हणालो, "वहिनी, गाडीचं माझ्यावर सोडा."

हे बोलायची मला काय गरज होती?

ट्रक धुतला. हौद्यात पांढरी चादर अंथरली, फुलांच्या माळा सोडल्या, मधोमध इनासची शवपेटी ठेवली. भोवती घरची माणसं बसली. ट्रकच्या मागे बँड, बँडच्या मागे सगळा गाव. गाडी चालवायला त्यांचा जावई विल्सन. एसटीत ड्रायव्हर, शिस्तीचा माणूस. मी त्याच्या शेजारी केबिनमध्ये बसलो. संध्याकाळची वेळ, वाडीत झाडांची गर्द सावली, आणि बँडवर ती संथ, काळजात उतरणारी धून. गाडी चालण्याच्या वेगाने निघाली. सगळं कसं इनासला शोभेल असं.

वाडीच्या तोंडाशी डावं वळण आलं. विल्सनने सिग्नल दिला.

टिक टिक टिक टिक. मला तो आवाज जरा घाईचा वाटला. मग उजवीकडच्या कुंपणावर उजेड पडला. गेला. परत पडला. आपण तर डावीकडे वळतोय, मग उजवीकडे उजेड कसला? मी डोकं बाहेर काढलं. केबिनच्या डोक्यावरचे, हौद्याच्या बाजूचे, झाडून सगळे दिवे उघडझाप करत होते. पिवळे, लाल, जेवढे म्हणून इनासने हौसेने लावले होते तेवढे सगळे. मधे पांढऱ्या फुलांत इनास, आणि भोवताली लग्नाचा मांडव.

वळण संपलं, विल्सनने सिग्नल बंद केला, दिवे विझले. मी घाम पुसला.

"विल्सन, पुढच्या वळणाला सिग्नल देऊ नका."

"का, काका?"

"मयत आहे."

"मयत आहे म्हणून न सांगता वळू?"

"हात दाखवा."

"एवढी वर्षं एसटी चालवतोय. सिग्नल दिल्याशिवाय कधी वळलो नाही."

"आज सासऱ्यासाठी वळा."

"सासऱ्यासाठीच देतोय. बाजूच्याला कळलं पाहिजे, ही त्यांचीच इच्छा ना? तुम्हीच तर वायरिंग केलंत."



नाक्यावर उजवीकडे वळायचं होतं. समोरून गाड्यांची रांग. विल्सनने नियमाप्रमाणे उजवा सिग्नल दिला आणि थांबला. आता रांग संपेपर्यंत टिक टिक टिक टिक. सगळा ट्रक उजळतोय आणि विझतोय, उजळतोय आणि विझतोय. माझ्या मनात आलं, यापेक्षा वाईट काही होणार नाही. तेवढ्यात मागून ढोलाचा ठेका बदलला. ढोलवाल्याचा काय दोष? त्याच्या डोळ्यासमोर मागचे लाल दिवे भराभर लुकलुकत होते. त्याचा हात आपसूक त्यांच्या मागे गेला. ढोल पळाला तशी क्लॅरिनेट पळाली, आणि ती काळजात उतरणारी धून चांगली पायात उतरायला लागली.

स्टँडवरच्या एका रिक्षावाल्याने खुशीत हॉर्न दिला आणि माझ्या खिडकीशी आला.

"काका, वरात कुठली?"

"पापडीची."

"नवरदेव दिसत नाही?"

"मागे आहे," मी म्हणालो. दुसरं काय म्हणू?

तो मागे बघायला गेला. परत आला तेव्हा त्याने डोक्यावरची टोपी काढली होती. माझ्याकडे बघवेना त्याला.

मग पाठीमागच्या काचेवर टकटक झाली. वळून पाहिलं तर मार्थावहिनी. नवरा गेल्यापासून त्या माझ्यासमोर रडल्या नव्हत्या, पण आता ओठ थरथरत होते. काचेतून एवढंच ऐकू आलं, "भावजी, हे काय?"

तेवढं एक नीट झालं पायजे, म्हणाल्या होत्या. आणि भर नाक्यात मी त्यांच्या नवऱ्याची वरात काढली होती.

मी समोरच्या बटणांवर हात घातला. कुठलं कशाचं, काही आठवेना. जे हाताला लागलं ते ओढलं. ते होतं रात्रीच्या दिव्यांचं, आणि त्या एकाच वायरीत आता सलग करंट शिरला.

आणि लुकलुकणं थांबलं. दिवे विझले नाहीत हां. सगळेच्या सगळे लागले आणि लागलेलेच राहिले. दोन्ही बाजूंचे सिग्नल, हौद्याचे, डोक्यावरचे, मागचे. विल्सन सिग्नल देतोय, बंद करतोय, कशाचाच परिणाम नाही. सगळा ट्रक देव्हाऱ्यातल्या समईसारखा शांत तेवत होता.

ढोलवाल्याचा हात आपोआप संथ झाला. धून परत जागेवर आली. बायकांनी कपाळाला, छातीला बोटं टेकवून कुरुसाची खूण केली. त्या रिक्षावाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने आपल्या रिक्षाचा दिवा लावला. त्याचं बघून शेजारच्याने लावला. बघता बघता स्टँडवरच्या सगळ्या रिक्षांचे दिवे लागले, आणि त्यांच्या मधून इनास चर्चकडे गेला.

चर्चच्या दारात फादर उभे होते. मला म्हणाले, "दामू, असा निरोप मी आजवर पाहिला नाही. दिव्यांची कल्पना कोणाची?"

विल्सन माझ्याकडे बघत होता. मी खाली मान घातली. लोकांना तो नम्रपणा वाटला.

सगळं उरकल्यावर मी मार्थावहिनींकडे गेलो. मनाशी ठरवलं होतं, सांगून टाकायचं.

"वहिनी, ते दिवे चुकून…"

"कळलं मला. सुरवातीला चुकून लुकलुकले. ट्रक जुना झालाय." मग त्यांनी माझा हात धरला. "पन नंतर तुम्ही जे केलंत, भावजी, ते सख्खा भाऊ करनार नाय." आणि तेव्हा कुठे त्या रडल्या. अशा वेळी माणसाने वायरिंग समजावून सांगावं का? मी गप्प बसलो.

गप्प बसलो, ते भोवलं. गावात पेद्रू म्हणून म्हातारा आहे, त्याच्या मुलांचाही ट्रक आहे. पेद्रूने तेव्हा अंथरूण धरलं होतं. त्याने मुलांना निक्षून सांगितलं, मला इनाससारखं न्यायचं. मुलं आधी वसईच्या एका इलेक्ट्रिशियनकडे गेली. तो म्हणाला, डावा दिला की डावा, उजवा दिला की उजवा, एवढंच आम्हाला करता येतं. हे तुमचं जे काय आहे ते ज्याने केलं त्याच्याकडे जा.

म्हणून मी गेलो. पेद्रूची खाट खिडकीशी लावलेली, म्हणजे त्याला काम दिसावं. मी वायरी सोलल्या, पिळल्या, टेप गुंडाळली, सगळं आठवून आठवून इनासच्या वेळी केलं होतं तसंच केलं. डावा सिग्नल दिला आणि या वेळी दोन्ही बाजूंना फिरून बघितलं. फक्त डावीकडचे लागले. उजवा दिला, फक्त उजवीकडचे. त्याच्या ट्रकात दोन्ही बाजूंच्या वायरी आतून वेगवेगळ्या निघाल्या. वायरी काढल्या, परत जोडल्या. तेच.

खिडकीतून पेद्रू म्हणाला, "काय रं, झालं का?"

"नाही अजून. बरोबरच लागतायत."

"मग सावकाश कर. घाई नाय मला. झाल्याबिगर मी जात नाय."

तेव्हापासून अधूनमधून जातो, टेप सोडतो, परत गुंडाळतो. पेद्रू आता अंथरुणातून उठलाय, वाडीत हिंडतो, मी काम करताना शेजारी येऊन बसतो. त्याची सून मला चहा देते आणि हळूच म्हणते, "दामूकाका, तुम्हाला नाय जमलं तरी चालेल हां." आणि खरं सांगतो, मला अजून जमलेलं नाही.